चौथऱ्यावरचं गंगाफळ

खापरदेव गावच्या नगरपालिकेत रामकिसन माळी म्हणून लागला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि बागेतली मेंदी गुडघ्याएवढी होती. बावीस वर्षांत मिशा पिकल्या, मेंदी मात्र गुडघ्याएवढीच राहिली. ती त्यानं वाढूच दिली नाही. दर पंधरवड्याला दोन खुंट्या ठोकायच्या, मधे सुतळी ताणायची आणि सुतळीच्या वर एक पान जरी दिसलं तरी कात्री चालवायची. वाफे सरळ, पायवाटा सरळ, पाण्याच्या चाऱ्याही सरळ. बायको नंदाबाई म्हणायची, यांचा जीव वाकडं काही सहन करत नाही, भाकरी जरा लांबट झाली तरी ताटात फिरवून फिरवून बघतात.

बाग होती बसस्टँडच्या मागं, अर्ध्या एकराची. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चार दगडी बाकं आणि मधोमध काळ्या दगडाचा छातीएवढा चौथरा. चौथरा बांधून झाला, पण त्यावर पुतळा कुणाचा बसवायचा यावर पालिकेत एकमत होईना, म्हणून नऊ वर्षं तो रिकामाच होता. जमीन मुरमाड. उन्हाळ्यात टँकरचं पाणी गावालाच पुरायचं नाही, तिथं बागेला कोण विचारतो. गुलाब लावले की वर्षभरात काटेच उरायचे. शेणखत मिळावं म्हणून रामकिसननं आजवर अकरा अर्ज दिले होते. प्रत्येक अर्जावर तेच उत्तर यायचं : पुढील सभेत ठेवावे. ती सभा काही येत नव्हती. आणि बागेतही कुणी येत नव्हतं. बसची वाट बघणारा एखादा माणूस बाकावर टेकायचा, एवढंच.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये गावात घंटागाडी आली. गाडी म्हणजे पुढं दोन पेट्या बसवलेली तीनचाकी सायकल, एक पेटी हिरवी, एक निळी. ती चालवायला दिली साळूबाईला. साळूबाई चाळिशीची, हाडापेरानं भक्कम, आतापर्यंत रस्ते झाडायची. तिला घंटा मिळाली, पण घंटेची गरज नव्हती. तिनं गल्लीच्या तोंडाशी नुसती हाक दिली तरी मागच्या गल्लीतली बाई बादली घेऊन बाहेर यायची.

स्वच्छता निरीक्षक भुजंगराव पहिल्या दिवशी स्वतः तिच्याबरोबर दारोदार फिरले. ओला कचरा हिरव्या पेटीत, सुका निळ्या पेटीत, असं त्यांनी प्रत्येक दारात समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावानं कचऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून तो हिरव्या पेटीत टाकला.

"मावशे, ह्ये काय केलं?" साळूबाईनं एकीला विचारलं.

"साहेबच म्हणले ना, ओला पायजे म्हणून. आमच्यात सगळा सुकाच व्हता."

हे निस्तरायला आठ दिवस लागले. मग हळूहळू गाडी रुळावर आली. कागद, पत्रा, बाटल्या, तुटके पाइप हे सगळं मुनीरच्या भंगाराच्या दुकानात उतरायचं. ते दुकान बागेच्या कुंपणाला लागूनच होतं. ओला कचरा मात्र भोकरदन रस्त्यावरच्या डेपोत न्यायचा होता. डेपो चार किलोमीटर लांब, मधे चढ, आणि चढावर साळूबाईच्या सायकलीची चेन रोज पडायची.

एक दिवस चेन बागेसमोरच पडली. साळूबाईनं एकदा चढाकडं बघितलं, एकदा बागेच्या उघड्या फाटकाकडं बघितलं, आणि गाडी ढकलत आत नेऊन हिरवी पेटी बागेच्या कोपऱ्यात पालथी केली.

रामकिसन कात्री हातात घेऊन धावत आला. बावीस वर्षांत त्याला धावताना कुणी बघितलं नव्हतं.

"साळूबाई, ही बाग हाये. उकिरडा न्हाई."

"भाऊ, तुमी किती वर्षं झाले खत मागून राह्यले?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"मंग हे खतच हाये ना. जरा कच्चं हाये, एवढंच."

रामकिसन तसाच पालिकेत गेला आणि तक्रार केली. भुजंगराव आले, त्यांनी ढीग बघितला, चेन बघितली, चढ तर त्यांच्या ओळखीचाच होता. त्यांच्याही डोक्याला डेपोचा ताप होताच. त्यांनी तोडगा काढला : बागेच्या कोपऱ्यात खड्डा घ्या, कचरा त्यात कुजवा, खत बागेला घाला. कुणाचीच तक्रार नको.

रामकिसनला हे बिलकुल पटलं नाही. पण घ्यायचाच आहे तर खड्डा नीट घ्यावा, म्हणून त्यानं सुतळी लावून दहा बाय पाचचा, चारही कोपरे काटकोनात असलेला खड्डा घेतला. असे दोन घेतले. तळाला पालापाचोळा, वर वीतभर कचरा, वर शेणकाला, वर माती, पुन्हा कचरा. साळूबाई पेटी ओतायची आणि हा तोंडाला गमछा बांधून, तिच्याशी एक शब्द न बोलता, फावड्यानं थर सारखे करायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं सहज म्हणून खड्ड्यात हात घातला आणि दचकून बाहेर काढला. आत गरम होतं. ताप चढलेल्या माणसाच्या कपाळासारखं गरम. त्यानं पुन्हा हात घातला. मग साळूबाईला बोलावलं.

"हात घाल इथं."

"मी रोज हातच घालते भाऊ त्याच्यात."

"तसा न्हाई. खोल घाल. कोपरापर्यंत."

तिनं घातला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. "जित्तं हाये की ओ हे," साळूबाई म्हणाली.

त्या दिवसापासून गमछा खांद्यावर आला. घंटा लांबून ऐकू आली की रामकिसन टोपी सरळ करून फाटक उघडून उभा राहायचा. साळूबाई पेटी ओतता ओतता त्याला गावाची खबर द्यायची. तिला साऱ्या गावाचं पोट माहीत झालं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई टमाट्यात अर्धा भाग कापून टाकतात. तातेराव मास्तरांकडं तीन दिवस नुसता दोडका चालू आहे, म्हणजे मास्तरीणबाई माहेरी गेलेल्या दिसतात. सराफाच्या घरी खरबूज आणलं तर बियासुद्धा चाटूनपुसून टाकतात. रामकिसन तसा अबोल माणूस, पण हे ऐकताना त्याच्या मिशा हलायच्या. साळूबाईला ते दिसायचं आणि ती आणखी एका घराचं सांगायची.

मे महिन्याच्या अखेरीस जिल्ह्याहून पत्र आलं. लहान शहरांची स्पर्धा होती, एक बक्षीस कचऱ्याच्या व्यवस्थेला आणि एक उत्तम उद्यानाला. समिती पोळ्याच्या आदल्या आठवड्यात येणार होती. भुजंगराव पत्र घेऊन थेट बागेत आले.

"रामकिसन, जालन्याच्या नर्सरीतून गुलाब आणू. कर्दळ आणू, झेंडू आणू. समितीला नुसता रंग दिसला पायजे. तुमचं खत झालं का?"

"खालचं झालं साहेब. वरचं अजून महिनाभर राहू द्या. बिया जित्त्या असत्यात त्याच्यात."

"महिनाभर कोण थांबतं? घाला. जल्दी करा."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खत पसरलं, सुतळी लावून गुलाबाची साठ रोपं लागली, कडेला झेंडू. चार दिवसांनी पाऊस झाला. भुजंगरावांना पुण्याला दोन महिन्यांचं प्रशिक्षण लागलं. "मी येईस्तोवर बाग फुलली पायजे," असं बजावून ते गेले.

आणि आठव्या दिवशी सकाळी रामकिसन बागेत आला तेव्हा गुलाबाच्या वाफ्यात, झेंडूच्या रांगेत, पायवाटेवर, बाकांखाली, सगळीकडं दोन दोन जाड पानं मातीतून वर आली होती. तो वाकला. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळाच. पलीकडं काकडीच्या जातीचं वाळूक. त्याच्या पलीकडं टमाट्याचं बारीक, केसाळ रोप, एक नाही, शंभर. कशालाही ओळ नाही, अंतर नाही, शिस्त नाही. शाळा सुटल्यावर पोरं जशी पसरतात तसं सगळं पसरलेलं.

त्यानं खुरपं घेतलं. दिवसभर उपटलं. संध्याकाळी कंबर धरून घरी गेला. सकाळी येऊन बघतो तर कालच्याइतकीच नवी. पुन्हा उपटली. तिसऱ्या दिवशी तो चौथऱ्यापाशी खाली बसला. तिथं एक गंगाफळाचं रोप बाकीच्यांपेक्षा जाडजूड आलं होतं, आणि त्याचं कोवळं टोक दगडाला हात लावून बघावं तसं चौथऱ्याला टेकलं होतं. रामकिसननं त्याच्या बुडाशी खुरपं लावलं. बराच वेळ लावून धरलं. मग इकडंतिकडं बघून त्यानं खुरपं बाजूला ठेवलं आणि रोपाभोवती बोटानं आळं केलं.

एकच राहू देऊ, असं त्यानं ठरवलं होतं. पण एक ठेवलं तर शेजारच्यानं काय घोडं मारलं? शेजारचं ठेवलं तर कुंपणाजवळचं कारलं तर कुणाच्या वाटेतही नव्हतं. आठवडाभरात खुरप्याला गंज चढायला लागला.

मग जे सुरू झालं ते थांबेना. वेल रोज हातभर वाढायचे. गंगाफळानं एका रात्रीत झोपाळ्याची साखळी गाठली, दुसरा वेल घसरगुंडीच्या पायऱ्या चढून उताराकडून खाली आला. दोडका विजेच्या खांबाकडं निघाला होता, त्याला रामकिसननं समजूत घातल्यासारखं वळवून परत आणलं. गुलाब होते, पण टमाट्यात शोधावे लागत. मेंदीच्या सरळ रेषेवर कारल्यानं अशी काही नक्षी काढली की रामकिसन कात्री घेऊन तिथं गेला आणि तसाच परत आला. सकाळी शेकडो पिवळीधमक फुलं उघडायची आणि मधमाश्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. कंडक्टर बस थांबवून विचारायचे, इथं गिरणी कधी बसवली म्हणून.

कुंपणापलीकडून मुनीर बघत होता. एक दिवस तो सायकलींच्या जुन्या रिमा खांद्यात अडकवून, बगलेत लोखंडी पाइप घेऊन आत आला.

"रामकिसनभाई, वेलाला मांडव पायजे. असा जमिनीवर ठेवला तर फळ सडंल."

"मुनीरभाई, तुमचं सामान हाये. विकायचं असंल."

"पुढच्या दिवाळीला विकतो. तवर लटकू दे."

त्यानं पाइप रोवले, तारेनं रिमा बांधल्या, आणि दोन दिवसांत तीस-चाळीस चाकांचा मांडव उभा केला. वाऱ्यानं एखादी रिम फिरायची, तिच्यासोबत दोडका फिरायचा, आणि खाली उभे असलेले रामकिसन, मुनीर आणि साळूबाई तिघंही मान वर करून त्या दोडक्याबरोबर डोळे फिरवायचे.

बघता बघता लोक यायला लागले. आधी बायका आल्या, मग पुरुष, मग बसमधून उतरलेले पाहुणे. बसायला चार बाकं पुरेनात. आणि आल्यावर जो तो एखाद्या वेलाकडं बोट करून म्हणायचा, हे आमच्या घरचं. यावरून बोलाचाली व्हायला लागली. तातेराव मास्तर आणि सराफ, दोघांनी एकाच वाळकावर हक्क सांगितला. निवाड्याला साळूबाईला बोलावलं. तिनं वाळूक उलटंपालटं करून बघितलं, बोटानं टिचकी मारली, वास घेतला.

"मास्तर, तुमच्यात वाळूक येतच न्हाई. तुमाला त्यानं गॅस व्हतो. हे सराफाचंच बी हाये. तुमचं ते तिकडं बघा, दोडके."

मास्तर दोडक्यांकडं गेले. तिथं लटकलेले तीस दोडके बघून त्यांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले आणि एकेक दोडका दाखवत राहिले.

रामकिसनचं काहीतरी बिनसलं आहे हे नंदाबाईच्या लक्षात आलं होतं. हा माणूस आता आंघोळ करताना गुणगुणायचा. भाकरीकडं न बघता खायचा. एकदा सकाळी दहाच्या सुमाराला तो कामावरून मधेच घरी आला आणि त्यानं टोपी तिच्यासमोर उलटी केली. टोपीत गंगाफळाची फुलं होती.

"तिथं पाटी लावली ना तुमीच, फुलं तोडू नये म्हणून," नंदाबाई म्हणाली.

"हे नर हायेत. याला फळ धरत न्हाई. मादीच्या बुडाशी बारीक गोळी असती, ती मी एकबी तोडली न्हाई. नर चार ठेवले तरी सगळ्या वेलाला पुरतात, बाकीचे नुसते मिरवून राह्यलेत."

"अन् हे आणले कशाला?"

"बेसनात बुडवून तळ. साळूबाई म्हणली लई झ्याक लागतात."

नंदाबाई टोपीकडं बघत राहिली. "बावीस वर्षं बागेत काम करून राह्यले, एक फूल आणलं न्हाई. अन् आणलं ते तळायला." पण ती हसत होती, आणि कढई ठेवायला उठली होती. दोघांनी चुलीपाशीच बसून गरम भजी खाल्ली. हाताला चटके बसत होते तरी थांबायला कुणी तयार नव्हतं. रामकिसन कामावर परत गेला तेव्हा त्याच्या मिशीला बेसन होतं आणि सांगायची हिंमत कुणी केली नाही.

चौथऱ्याजवळच्या त्या पहिल्या वेलानं काय केलं ते आता सांगतो. तो दगड चढून वर गेला, तिथं त्याला ऐसपैस जागा मिळाली आणि त्यानं बरोबर मधोमध एक फळ धरलं. ते पावशेराचं झालं, मग तांब्याएवढं, मग घागरीएवढं. समिती यायला चार दिवस उरले तेव्हा ते दोन हातांच्या कवेत मावत नव्हतं. भगवं, धारीधारीचं, जरा एका अंगाला कललेलं, जसं कुणी प्रतिष्ठित माणूस सभेत बसल्या बसल्या पेंगतो आहे.

त्याच दिवशी भुजंगराव पुण्याहून आले. बसमधून उतरले ते बॅग घेऊन थेट फाटकात. तिथं उभे राहिले.

"रामकिसन, बाग कुठाय?"

"हीच हाये साहेब."

"गुलाब?"

"हायेत साहेब. आत हायेत."

भुजंगरावांनी घसरगुंडी शोधली, सापडली नाही. त्यांची नजर चौथऱ्यावर गेली आणि तिथंच अडकली. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"सगळं कापा," ते म्हणाले. "आजच्या आज. आपण उद्यान म्हणून अर्ज भरलेला हाये. मळा म्हणून न्हाई."

रामकिसन आजवर कुठल्या साहेबाला नाही म्हणाला नव्हता. त्यानं विळा आणला. चौथऱ्यापाशी गेला. वेलाच्या बुडाला हात लावला, तो अंगठ्याएवढा जाड झाला होता आणि हाताला गार लागत होता. मागं साळूबाई गाडी घेऊन उभी होती, मुनीर कुंपणाला हात धरून उभा होता, बाकावरचे लोक उठून उभे राहिले होते. रामकिसन वळला.

"साहेब, लेखी द्या."

"काय?"

"फळावर आलेलं झाड तोडायचं तर लेखी आदेश पायजे. नियम हाये." असा नियम आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. पण इतकी वर्षं पालिकेत काढल्यावर तो असेल असं त्याला वाटलं.

भुजंगराव गेले, टेबलाशी बसले, कागद ओढला. सार्वजनिक जागेतील भाजीपाला नष्ट करण्यात यावा, एवढं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. खाली सही त्यांची असणार होती. त्यांनी कागद मुख्याधिकाऱ्यांकडं पाठवला. मुख्याधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, खिडकीतून बागेकडं बघितलं, तिथं शे-दीडशे माणूस उभा होता, आणि कोपऱ्यात शेरा मारला : पुढील सभेत ठेवावे.

साळूबाईनं हा शेरा शिपायाच्या तोंडून ऐकला आणि बागेत येऊन सांगितला. तसा रामकिसन हसायला लागला. तो हसतो कसा हे गावाला माहीत नव्हतं. त्याचं हसणं बारीक, उंच, केटली उकळल्यासारखं होतं, आणि ते ऐकून साळूबाई खाली बसली. मुनीरनं तोंडात शर्टाची बाही धरली. त्या शेऱ्याची एवढी मजा काय आहे ते बाकीच्यांना कळलं नाही, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

समिती सोमवारी आली. जीपमधून तिघं उतरले : जिल्ह्याच्या कचेरीतल्या एक मॅडम, त्यांचा कारकून, आणि बियाण्यांच्या कामातले एक पिकल्या केसांचे जाणकार, जालन्याहून बोलावलेले. भुजंगराव हार घेऊन पुढं झाले. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

मॅडम फाटकातून आत आल्या, रिमांच्या मांडवाखाली थांबल्या, आणि हातातला तक्ता बघायला लागल्या.

"फुलझाडांचे प्रकार किती?"

भुजंगरावांनी रामकिसनकडं बघितलं. रामकिसननं टोपी काढली.

"फुलं होती बाई. लई होती. पण त्यांची फळं झाली."

मॅडमनी मान वर केली. त्यांच्या डोक्यावर एक दोडका हळूहळू फिरत होता. कारकून पेन धरून थांबला. मॅडम चौथऱ्याकडं निघाल्या, तक्ता तसाच धरून.

"पुतळ्याची देखभाल असा एक मुद्दा आहे. हा पुतळा कुणाचा?"

साळूबाई पुढं होऊन म्हणाली, "बाई, ते अजून ठरलं न्हाई. ठरंस्तोवर हेनं जागा धरलीय."

मॅडमनी ओठ आवळले. ते थरथरायला लागले. त्यांनी तक्ता तोंडासमोर धरला, पण खांदे हलताना सगळ्यांना दिसले. मग तक्ता खाली आला आणि त्या मोकळेपणी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. कारकून हसला. भुजंगराव आधी नुसते दात दाखवत होते, मग त्यांनाही खरंच हसू फुटलं आणि हातातला हार कुठं ठेवावा हे न सुचून त्यांनी तो गंगाफळाला घातला. त्यानंतर पाच मिनिटं तपासणी झाली नाही.

बियाण्यांचे जाणकार मात्र तिथं नव्हतेच. ते टमाट्यांत गुडघ्यांवर बसले होते. "ही माती इथली न्हाई," ते म्हणाले. "इथं सगळा मुरूम हाये. ही आली कुठून?"

"हिनं आणली," रामकिसन साळूबाईकडं हात करून म्हणाला. "रोज एक हिरवी पेटी."

मग साळूबाईनं त्यांना खड्ड्यापाशी नेलं. मॅडमना वाटलं वास येईल, त्यांनी पदर नाकाशी नेला, आणि वास आला नाही म्हणून खाली सोडला. साळूबाई म्हणाली, हात घालून बघा. मॅडमनी बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. त्यांचा चेहरा असा झाला की रामकिसनला स्वतःचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आला.

निकाल आठ दिवसांनी आला. उद्यानाच्या विभागात खापरदेवला शून्य गुण होते, आणि शेऱ्यात लिहिलं होतं : पाहणीच्या वेळी उद्यान आढळून आले नाही. कचऱ्याच्या विभागात खापरदेव पहिलं होतं. ढाल आली. भुजंगरावांनी ती घंटागाडीच्या पुढं बांधून गावभर फिरवली, आणि गाडी साळूबाईच चालवत होती.

आता फळांचं काय करायचं हा प्रश्न उरला. वाटून घ्यावीत तर पुन्हा भांडणं, कारण चौथऱ्यावरच्या त्या एका फळावर सव्वीस घरांचा दावा होता. तेव्हा नंदाबाईनं सुचवलं की सगळं इथंच रांधा आणि इथंच खा. पोळ्यानंतरचा रविवार ठरला. मुनीरनं त्याच्या मोहल्ल्यातून दोन देगी आणल्या, देवळातून कढया आल्या. एकशे दहा गंगाफळं निघाली. बायकांनी सकाळपासून चिरायला घेतलं. एका देगीत गंगाफळाची भाजी, दुसरीत दोडका-टमाटा, कढयांत पुऱ्या आणि गूळ घातलेले घारगे. साऱ्या बसस्टँडवर मेथ्या आणि लाल मिरचीच्या फोडणीचा खाट उठला, आणि भोकरदनच्या गाडीतली अर्धी माणसं तिकीट जालन्याचं असून इथंच उतरली.

पहिली पंगत बसली तेव्हा साळूबाई देगीमागं उभी होती. गावच्या जेवणाला ती नेहमी शेवटी यायची, डबा घेऊन, आणि डब्यातच न्यायची. आजही डबा तिच्या हातात होता. नंदाबाईनं तो काढून घेतला, बाजूला ठेवला, तिला दंडाला धरून मांडवाखाली आणलं आणि पहिल्या पंगतीत, डॉक्टरीणबाईच्या शेजारी बसवलं. पंगतीतल्या काहींचे हात पानावरच थांबले. तातेराव मास्तर पुरीची परात घेऊन वाढत येत होते. ते साळूबाईसमोर आले, थांबले, आणि तिच्या पानात एकीच्या जागी चार पुऱ्या टाकल्या.

"दोडका घ्या," ते म्हणाले. "माझ्या घरचा हाये."

"माहिताय मास्तर," साळूबाई म्हणाली. "चव वळखीची हाये."

आणि पंगत पुन्हा खळखळून वाहायला लागली. रामकिसन समोरच बसला होता. त्यानं भाजी पुन्हा मागितली.

दुपार कलली तेव्हा पोळ्याच्या हलगीवाल्यांनी, हात अजून गरम होते म्हणून, बसल्या बसल्या ताल धरला. मुनीरनं रिकाम्या देगीवर उलथनं वाजवून साथ दिली. कुणीतरी रामकिसनला ओढलं. तो नको म्हणाला, दुसऱ्यांदा नको म्हणाला, आणि तिसऱ्यांदा कुणी ओढायच्या आधीच उठला. त्याला नाचता येत नव्हतं. तो हात वर करून, एका पायावरून दुसऱ्या पायावर, जिकडं तोल जाईल तिकडं जात होता. वाफ्यांवरून, चारीवरून, पायवाट सोडून. मागून भुजंगराव आले, मग मास्तर आले, मग कढईवरच्या बायका झाऱ्यासकट आल्या. गोल झाला, गोलाचा वेढा झाला, वेढा फाटकातून बाहेर पडून बसस्टँडच्या आवारात शिरला. उभ्या बसला फेरी घालून परत आला तेव्हा त्यात ड्रायव्हरही होता.

नंदाबाई कडेला रामकिसनची टोपी धरून उभी होती. "कंबर धरंल तुमची," ती ओरडून म्हणाली.

"धरू दे," रामकिसन म्हणाला, आणि तिचा हात धरून तिलाही आत घेतलं.

कंबर धरलीच. ऊन उतरता उतरता तो घरी निघाला तो एका बाजूला चांगलाच वाकडा होऊन, एक हात बायकोच्या खांद्यावर ठेवून. वाटेत जो भेटेल तो काय झालं विचारायचा. रामकिसन सांगायला तोंड उघडायचा, पण हसू त्याच्या आधी बाहेर पडायचं, कंबरेत कळ यायची, तो थांबायचा, आणि त्याला तसं थांबलेलं बघून नंदाबाईला हसू यायचं. पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दोघांना तास लागला.